यिर्मया वाचताना मी वर्षभर जिथे अडकले

बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक पहिल्या अध्यायापासून बावन्नाव्यापर्यंत सरळ वाचत जाऊ नका. २०२० च्या टाळेबंदीत मी तेच केलं आणि वर्ष घालवलं.

वहीत घटनाक्रम मांडत होते, अध्यायांच्या क्रमाने. २१ व्या अध्यायात यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला घातलेला वेढा. २५ व्यात एकदम आधीच्या राजाचं, यहोयाकीमचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ६०५, सोळा-सतरा वर्षं मागे! २८ व्यात परत सिद्कीया, ३२ व्यात त्याचं दहावं वर्ष, ३५-३६ ला पुन्हा यहोयाकीम. वाटायचं, आपलंच डोकं चालत नाही. डोकं ठीक होतं. पुस्तक कालक्रमाने लावलेलंच नाही. ३६ वा अध्याय वाचा: यिर्मयाचा लेखनिक बारूख याने लिहिलेली त्याच्या वचनांची गुंडाळी तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने कापतो आणि शेगडीत टाकतो. मग ती नव्याने लिहिली जाते, वर भरही पडते. प्राचीन ग्रीक भाषांतरात तर हे पुस्तक बरंच लहान आहे, परराष्ट्रांविरुद्धची वचनं शेवटी नसून मधोमध आहेत. मृत समुद्राजवळच्या कुमरानला, जिथे जुन्या गुंडाळ्या मिळाल्या, त्या लहान पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडेही सापडले.

म्हणून प्रत्येक अध्यायावर पेन्सिलीने राजाचं नाव लिहा. यहोयाकीम आणि त्याचा मुलगा यहोयाखीन यांत मी अजून गोंधळते, तुम्हीही गोंधळाल, चालतं. २७ व्याच्या पहिल्या ओळीवर मात्र विसंबू नका. बहुतेक हिब्रू प्रतींत तिथे यहोयाकीम आहे, पण पुढचा सगळा मजकूर सिद्कीयाच्या काळचा.

एक सर भेटले होते. त्यांना प्रत्येक ओळीत आजचा पेपर दिसायचा, आजचं बाबेल कोण, आजचा नबुखद्नेस्सर, म्हणजे बाबेलचा राजा, कोण. सहा महिने भारावून ऐकलं. हाती शून्य. अशांपासून लांब राहा. कार्डांवर छापतात त्या २९:११ पासूनही (अध्याय २९, ओवी ११). 'भविष्य आणि आशा' ठीक, पण त्याच्या आदल्याच ओळीत सत्तर वर्षं लिहिलीत. हा अध्याय म्हणजे बाबेलला नेलेल्या कैद्यांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र; ज्यांना ते गेलं त्यातले बहुतेक बाबेलातच मेले असणार.

हिब्रू येत नाही म्हणून अडून बसू नका. मुळाक्षरं आली तरी पहिल्याच अध्यायात मजा येते: बदाम म्हणजे 'शाकेद', लक्ष ठेवून असणारा तो 'शोकेद'.

आणि ३२ वा अध्याय घाईने वाचू नका. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, तरी चुलतभाऊ हनमेलकडून अनाथोथचं शेत घेतो, सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत मडक्यात ठेवायला लावतो. पहिल्या वाचनात मला तो साधा जमिनीचा व्यवहार वाटला. वर राजाचं नाव आणि वर्ष होतं, ते मी वाचलंच नव्हतं. शहराला वेढा पडलेला, आणि ते शेत वेढ्याच्या पलीकडे.