नवं कॅबिनेट थंड चालतं? आधी खोलीचं तापमान सांगा

पीसीच्या ओळखीच्या कॅबिनेटची सुधारित आवृत्ती बाजारात आली की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच, ‘जुन्यापेक्षा आठ-नऊ अंशांनी थंड चालतं.’ मी एवढंच विचारतो, खोलीत किती होतं? पुढे शांतता.

मला तोंड वर करून बोलायचा हक्क नाही, कारण याच खड्ड्यात मी आधी पडलोय. एका कॅबिनेटची जुनी आवृत्ती मी मे महिन्यात भर दुपारी तपासली होती. खोलीत ३६ अंश, ग्राफिक्स कार्ड ८१ वर. नवी आली ऑगस्टात. बाहेर झड लागलेली, खोलीत २६, कार्ड ७२. नऊ अंशांचा फरक! मित्राला छातीठोकपणे सांगितलं, डोळे झाकून घे. त्याने घेतलं. नंतर वही चाळली तेव्हा वजाबाकी केली: जुन्यात खोलीपेक्षा ४५ अंश वर, नव्यात ४६. म्हणजे थंड झाला होता तो पाऊस. त्यातून नव्यात फॅन तीन, जुन्यात दोन, आणि जुन्याची जाळी दीड वर्षाच्या धुळीने बुजलेली. एवढी सवलत मिळूनही नवं मागेच. मित्र अजून चहाचे पैसे मला द्यायला लावतो.

तेव्हापासून भिंतीवर साधा थर्मामीटर आहे, मागच्या गरम हवेच्या झोतात येणार नाही असा. कार्डाच्या आकड्यातून खोलीचा वजा केल्याशिवाय मी काहीच लिहीत नाही. मदरबोर्ड, प्रोसेसरवरचा कूलर, कार्ड तेच. कूलर बोर्डावरून काढायचाही नाही, नाहीतर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलली की आकडा बदलला. चाचणी दोनदा घेतो. एकदा कॅबिनेटसोबत आलेल्या फॅनवर, मग माझे ठरलेले १२० मिमीचे फॅन एकाच वेगावर बांधून. पहिल्यातून खोक्यात काय मिळालं ते कळतं, दुसऱ्यातून पत्र्यात खरंच काही सुधारलंय का. दर वेळी निदान अर्धा तास लोड, म्हणजे कार्डाला सतत कामाला लावणं. पाच मिनिटांत स्क्रीनशॉट काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी चूक, ‘नवं’ म्हणजे काय नवं ते न बघणं. एनझेडएक्सटी कंपनीचं एच५०० कॅबिनेट आलं २०१८ मध्ये, एच५१० पुढच्याच वर्षी. ठळक बदल पुढच्या टाइप-सी पोर्टचा. समोरचं पॅनल बंद ते बंदच. जाळीदार पॅनलचं एच५१० फ्लो यायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात ‘नवं आहे, हवा खेळेल’ म्हणून एच५१० घेणाऱ्यांना हवेच्या बाबतीत काय वेगळं मिळणार होतं? एच५ फ्लो तर २०२२ चं वेगळं आणि २०२४ चं वेगळं, नाव तेच. दुकानदाराला वर्ष विचारा.

टाइप-सी पोर्टचीही गंमत आहे. त्याची आतली वायर मदरबोर्डवरच्या वेगळ्या छोट्या हेडरला, म्हणजे वायर खोचायच्या जागेला, लागते. जुन्या बोर्डावर तो नसतोच, मग पोर्ट नुसता शोभेचा. रुंद यूएसबी ३ हेडरवरून चालवणारे अडॅप्टर मिळतात. मी लावत नाही. बोर्ड बदलेपर्यंत पोर्ट तसाच राहू दे.

कार्डाची कमाल लांबी छापलेली असते ती बहुधा पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर नाही असं धरून. २७ मिमी जाडीचा रेडिएटर आणि २५ मिमी जाडीचा फॅन लावला की ५२ मिमी गेले. रुंदीही बघा: कार्डाच्या नव्या १६ पिनी पॉवर केबलला कनेक्टरपासून सुमारे ३५ मिमी सरळ जागा द्यायची असते. केबल आड येत असताना बाजूची काच दाबून बसवणारे हात मी पाहिलेत.

वायरी मागून जोडायच्या बोर्डासाठी मागच्या पत्र्याला त्याच जागी खिडक्या हव्यात. नसतील तर विषय संपला.

आणि काच फरशीवर टेकवू नका. टेम्पर्ड ग्लासची कड टाइलला जराशी लागली तरी चुरा होऊ शकतो. मी जुनी सतरंजी अंथरतो. घाईवाले ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ म्हणतात आणि मग तासभर झाडू मारतात.

बोर्ड बसवण्याआधी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे धातूचे खुंट, मोजा. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाला मागून टेकतो. ‘नवं कॅबिनेट खराब निघालं, पीसी सुरूच होत नाही’ असा फोन आला की मी आधी तेच काढून बघायला सांगतो.