तिसऱ्या आणण्याआधी विळीचं बघा

रविवारी घरात पुन्हा तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, करायच्या ठरल्यात. मागच्या खेपेला आम्ही सहाजण दोन दिवस उलट्या-जुलाबांनी आडवे होतो, म्हणून हे आधीच लिहून ठेवतेय.

घेताना भाव नंतर, आधी कुठल्या खाडीतल्या ते विचारा. तिसरी पाणी गाळून जगते. वस्तीतलं संडासाचं पाणी जिथे खाडीला मिळतं, तिथले विषाणू तिच्या पोटात साठत जातात. ती जिवंत असते, घट्ट मिटलेली असते, वासही येत नाही. बघून कुणालाच कळत नाही. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर त्या आठवड्यात घेऊच नका. मेलेल्या टाकायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, हे सगळ्यांना येतं. पण त्याने वाळू निघते, विषाणू निघत नाही.

आता विळी. मी तिसऱ्या विळीवर उघडल्या, पातं नुसतं नळाखाली धरलं आणि त्यावरच सोलकढीची कोथिंबीर चिरली. सुकं चांगलं खळखळून शिजलं होतं, तरी आम्ही पडलो. काकूही पडल्या. काकू माळकरी, त्यांनी वरणभात आणि सोलकढीच घेतली होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून कोथिंबीर, कांदा, लिंबू, जे कच्चं खायचं ते आधी चिरून झाकून ठेवा. मगच तिसऱ्या घेऊन बसा. नंतर विळी साबणाने घासा. पातं लाकडात रुततं तिथे तिसरीचा चिकट रस सुकून बसतो, तो ब्रशने काढा, वरून उकळतं पाणी ओता. ओटा, ताट, हातही साबणाने. सॅनिटायझरवर विसंबू नका, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. पुन्हा सांगते, कोथिंबीर आधी!

उकडून घेत असाल तर शिंपल्याने तोंड उघडलं म्हणजे शिजलं असं धरू नका. त्यानंतर पाच मिनिटं खळखळू द्या. आतलं मांस 90 अंशांवर दीड मिनिट राहायला हवं, तेव्हा काविळीचा विषाणू, म्हणजे हिपॅटायटिस ए, मरतो. 1988 साली शांघायमध्ये अर्धेकच्चे शिंपले खाऊन सुमारे 3 लाख लोकांना ही कावीळ झाली होती. ती 15 ते 50 दिवसांनी दिसते, तोवर काय खाल्लं ते कुणाच्या लक्षातही नसतं.

लिंबाने विषाणू मरत नाही, फ्रीजरनेही नाही. खडकावर कालवं फोडून कच्ची खाणाऱ्या पोरांना अडवा. हिपॅटायटिस एची लस मिळते, डॉक्टरांना विचारा. ज्याला उलट्या झाल्यात त्याने थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही. ओआरएसची पाकिटं घरात असू द्या.

आणि विळी घासली का?