घरात रांगतं बाळ आहे आणि टाकीत कासव? मग एवढं करा

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव ठाण्यातल्या, वाशी-नेरुळमधल्या फ्लॅटांत हौसेने आणलं जातं, कधी वास्तूला चांगलं म्हणूनही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर माझं सरळ मत: आणू नका. आधीच आणलं असेल तर पुढे वाचा.

कासव, सरडे, इग्वाना, साप यांच्या आतड्यात बहुतेक वेळा साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जिवाणू असतात. प्राणी मात्र ठणठणीत दिसतो. जिवाणू विष्ठेतून पाण्यात, कवचावर, काचेवर येतात, पण रोज नाही. म्हणून एका तपासणीत काही सापडलं नाही तरी निर्धास्त होऊ नका. कासवाला औषध पाजून किंवा ब्रशने घासूनही ते जात नाहीत. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे. मुलं ती थेट तोंडात घालायची.

१. टाकी हलवा. स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल आणि बाळ खेळतं ती सतरंजी यांपासून लांब, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. कासवाला लादीवर फिरायला सोडू नका. रांगणारं मूल त्याच लादीवरून हात तोंडात घालतं.

२. पाणी बदलायची पद्धत बदला. खरी गोम इथेच आहे. कासवाला हात न लावताही मूल आजारी पडू शकतं, कारण टाकी धुतली जाते ती किचनच्या सिंकमध्ये, किंवा बाळाला अंघोळ घालतात त्याच मोरीत. गढूळ पाणी कमोडमध्ये ओता. ‘चांगलं खत आहे’ म्हणून ते खिडकीतल्या कढीपत्त्याला, पुदिन्याला घालायची सवय अनेक घरांत आहे. ती आजच सोडा. बादली, मग, घासणी वेगळी ठेवा. धुतलेली जागा आधी साबणाने घासा, मग ब्लीच लावा. हे काम मोठ्यांनीच करायचं. कामाच्या ताई करत असतील तर त्यांनाही कारण सांगा, नाहीतर त्याच हातांनी कणीक मळली जाईल.

३. हात धुवा. साबण, वाहतं पाणी, किमान वीस सेकंद. नळ नसेल तेव्हाच सॅनिटायझर. बाळाला उचलण्याआधीसुद्धा.

४. मुलाला जुलाब, ताप, पोटात कळा आल्या तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा की घरी कासव आहे. लक्षणं साधारण सहा तासांपासून सहा दिवसांत दिसतात. ओआरएस देत राहा. जुलाब थांबवायची गोळी किंवा घरातलं उरलेलं अँटिबायोटिक मनाने देऊ नका. शौचात रक्त, लघवी कमी, मूल सुस्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. एक वर्षाखालच्या बाळाच्या बाबतीत तर थांबूच नका. जंतू रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. घरातल्या आजी-आजोबांनाही धोका जास्त.

५. नको झालं म्हणून ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावात सोडू नका. ही परदेशी जात तिथल्या देशी कासवांच्या मुळावर उठते. सांभाळू शकेल असं, लहान मुलं नसलेलं घर शोधा किंवा प्राणी बचाव संस्थेला विचारा. घरी असलेलं कासव ‘स्टार’ जातीचं (कवचावर चांदणीसारखी नक्षी असलेलं) असेल तर ते पाळणंच बेकायदा आहे. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.