कानबाईच्या गाण्यांची जुनी कॅसेट वाजवण्याआधी

धुळे-जळगावकडे बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादी कॅसेट निघते. घरच्याच टेपवर भरलेली कानबाईची (श्रावणात बसवतात ती खानदेशी देवी) नाहीतर आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, आजी-मावश्यांच्या आवाजातली. हे आवाज दुसरीकडे कुठेच नाहीत, म्हणून कॅसेट मिळाली की लगेच टेपमध्ये सारू नका.

आधी मागच्या कडेच्या दोन्ही टोकांच्या प्लास्टिकच्या खुंट्या मोडा. मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. खिडकीतून फितीवर पांढुरका थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवू नका, टेपचं हेडही (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) खराब होईल. पुढच्या उघड्या बाजूला मधोमध नमद्याचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) छोटा तुकडा हवा. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात त्याचा गोंद सुकतो, तुकडा गळतो, फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका, तुटक येतो. टाकाऊ कॅसेटमधली नमदा लावलेली पट्टी काढून बसवा. कॅसेट बहुधा पाच स्क्रूंची असते. आडवी ठेवून उघडा आणि काही हलवण्याआधी आतला फोटो घ्या.

टेप फीत 'खातो' तो बहुतेक वेळा रबरी रोलर मळल्यामुळे. रोलर साबणपाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, हेड आणि शेजारची धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ असते, ती लवकर गुंतते. गुंतलेली फीत ओढू नका. षट्कोनी पेन्सिल चाकात घालून सावकाश गुंडाळा. तुटली असेल तर दोन्ही टोकं एकावर एक धरून तिरकी कापा, कडेला कड भिडवा आणि हेडला न लागणाऱ्या बाजूने स्प्लायसिंग टेप (फीत जोडायची खास चिकटपट्टी) लावा. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि पुढचे वेढे चिकटतात.

आता टेपच्या इअरफोनच्या भोकातून ३.५ मिमी वायर कॉम्प्युटरच्या निळ्या लाइन-इनमध्ये. गुलाबी भोक माइकचं, त्यात आवाज फाटतो. ऑडॅसिटी या आवाज भरायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि फाइल वॅव्हमध्ये साठवा. साठ मिनिटांचे, स्टिरिओत, सुमारे ६०० एमबी होतात. खरखर काढायची ती प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नका.

त्याच दिवशी घरातल्या थोरल्या बाईला शेजारी बसवून ऐका. गाणारी कोण, गाव कोणतं, अहिराणीतले अडलेले शब्द कोणते, हे सगळं फाइलच्या नावासोबत लिहून ठेवा.