माइल्स बुडण्याआधी: घरच्या घरी करायची तयारी

परदेशातल्या मुलाकडे दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या आईवडिलांच्या नावावर तीन-चार विमान कंपन्यांची खाती सहज निघतात. एका वर्षी एमिरेट्स स्वस्त पडलं, पुढच्या खेपेला कतार, त्यानंतर लुफ्तान्सा. प्रत्येकीकडे थोडे थोडे माइल्स, म्हणजे प्रवासावर मिळणारे आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट, पडून आहेत आणि ते कधी बुडणार याचा घरात कुणाला पत्ता नाही. खाली सांगितलेली तयारी अशा घरांसाठी आहे. एका रविवारी दुपारी दोन तास काढले तर निम्मं काम उरकतं.

सुरुवात लॉगिनपासून करा. सभासद क्रमांक जुन्या ई-तिकिटावर, बोर्डिंग पासवर किंवा कंपनीच्या स्वागताच्या मेलमध्ये असतो. खरी अडचण पुढे येते. खातं उघडलं होतं तेव्हाचा ईमेल ऑफिसचा होता, आणि आता निवृत्ती झाली. मोबाईल नंबर बदलला. ओटीपी त्याच जुन्या ठिकाणी जातो आणि माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर उभा राहतो. ईमेल बदलून घ्यायला काही कंपन्या पासपोर्टची प्रत मागतात, मेलामेली होते, त्यात आठवडाही जातो. म्हणून हे काम मुदतीच्या शेवटच्या दिवसावर टाकू नका.

लॉगिन झालं की नाव बघा. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तिकिटावर ते 'सुनंदावसंत' असं एका दमात छापलं जातं आणि खात्यावर असतं नुसतं 'सुनंदा'. बऱ्याचदा चालून जातं, पण जिथे अडतं तिथे माइल्स जमाच होत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं जुनं खातं माहेरच्या नावावर राहिलेलं असतं, ते तर हमखास अडतं. खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. जन्मतारीखही तपासा, कारण एमिरेट्समध्ये मुदतीचा महिना तीच ठरवते. त्याबद्दल पुढे.

आता मुख्य मुद्दा. माइल्सची मुदत दोन तऱ्हेची असते आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. पहिली तऱ्हा दुधाच्या पिशवीसारखी: प्रत्येक पिशवीवर तिची तारीख. तुम्ही नवीन पिशवी आणली म्हणून जुनीची तारीख पुढे जात नाही. दुसरी तऱ्हा प्रीपेड सिमसारखी: मधूनमधून रिचार्ज मारत राहिलात तर सगळं चालू, विसरलात तर नंबरच गेला. पहिल्या तऱ्हेत माइल्स थोडे थोडे करून जातात, दुसऱ्या तऱ्हेत सगळी शिल्लक एका रात्रीत शून्य होते. लोक सर्वात जास्त चुकतात ते इथेच. कुणीतरी सांगतं, 'क्रेडिट कार्डावरून हजार पॉइंट टाक, सगळे माइल्स वाचतील', आणि हा सल्ला पिशवीवाल्या खात्यावर वापरला जातो. जुने माइल्स जायचे ते जातातच, वर कार्डाचे हजार पॉइंट तिकडे अडकतात, कारण कार्डावरून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत.

पिशवीवाल्यांत भारतातून जाणाऱ्यांना तीन नावं नेहमी भेटतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेत माइल्स तीन वर्षं टिकतात आणि तीन वर्षांनंतरच्या त्याच महिन्याच्या अखेरीस जातात. १२ जून २०२३ ला मिळालेले माइल्स ३० जून २०२६ च्या रात्री संपणार. ही रात्र सिंगापूरची. तिथे ११ वाजून ५९ मिनिटं झाली की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजायला आलेले असतात, म्हणजे जेवण उरकून निवांत बसलेल्या माणसाला उशीर झालेला असतो. एमिरेट्स स्कायवर्ड्समध्येही तीन वर्षंच, पण शेवट तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याअखेर: वाढदिवस ऑगस्टमधला आणि माइल्स मार्च २०२४ मधले असतील तर तारीख ३१ ऑगस्ट २०२७. लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्ये ३६ महिने मोजायचे आणि ती तिमाही संपेपर्यंत थांबायचं, म्हणजे १० फेब्रुवारी २०२३ चे माइल्स ३१ मार्च २०२६ पर्यंत. वारंवार उडून लुफ्तान्साकडे वरचा दर्जा मिळवलेल्यांना ही मुदत लागत नाही, पण तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्याकडे तो दर्जा कुठून येणार.

सिमवाल्यांत कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेजचे एव्हिओस (त्यांच्याकडच्या माइल्सचं नाव): ३६ महिन्यांत एकदा काहीतरी जमा किंवा खर्च झालं पाहिजे. अमेरिकन एअरलाइन्सला २४ महिने. कॅथे पॅसिफिकचे एशिया माइल्स आणि एअर कॅनडाचं एरोप्लॅन यांना फक्त १८, म्हणून टोरांटोकडे जाणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. दीड वर्ष कसं निघून जातं कळत नाही.

एअर इंडियाचं थोडं वेगळं आहे. तिच्या फ्लाइंग रिटर्न्स या योजनेचं नाव आता महाराजा क्लब, आणि तिथे २४ महिन्यांचा हिशेब प्रवासाशी बांधलेला आहे. दोन वर्षांत एकदा खरोखर विमानात बसायचं, नुसत्या कार्डाच्या पॉइंटांवर विसंबायचं नाही. मुंबई-गोवा किंवा पुणे-दिल्ली असा छोटा प्रवास तसाही करायचाच असेल तर तो या मुदतीच्या आत बसवा. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंटही महाराजा क्लबात आले. ज्यांनी त्यानंतर खातं उघडून पाहिलेलंच नाही त्यांनी आजच पाहावं, कारण बदलीत मिळालेल्या मुदती अशा वेळी वेगळ्या असतात.

आणि काहींना मुदतच नाही. डेल्टाचे स्कायमाइल्स आणि युनायटेडचे माइलेजप्लस बुडत नाहीत. युनायटेडने मुदत २०१९ च्या ऑगस्टमध्ये काढून टाकली. याचा फायदा पुढच्या प्रवासात घेता येतो, त्याकडे शेवटी येऊ.

एवढं कळलं की कागद घ्या किंवा मोबाईलमध्ये एक शीट उघडा. प्रत्येक खात्यापुढे लिहायचं: कुणाचं, क्रमांक, कुठल्या ईमेलवर, एकूण माइल्स, तऱ्हा कुठली, आणि सगळ्यात जवळची तारीख. पिशवीवाल्या खात्यात माइल्सचे गठ्ठे तारखांनुसार दिसतात, ते वेगवेगळे उतरवा: 'क्रिसफ्लायर, आई, ८,२०० जून २०२६ ला, ११,८०० नोव्हेंबर २०२६ ला'. सिमवाल्यात शेवटच्या व्यवहाराची तारीख आणि त्यापुढचे महिने. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपनी मेल पाठवेल या भरवशावर राहू नका, तो मेल जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडतो. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेच्या सहा महिने आधी एक आठवण आणि आठ आठवडे आधी दुसरी. मुलांच्या फोनवरही लावा.

शीट भरताना एक घोटाळा टाळा. खात्यात दोन आकडे दिसतात: खर्च करता येणारे माइल्स, आणि दर्जा ठरवणारे पॉइंट. दुसरा आकडा दरवर्षी शून्यावर येतो आणि तो आला की घाबरून फोन करायची गरज नाही.

मग किंमत काढा, कारण प्रत्येक माइल वाचवण्याच्या लायकीचा नसतो. समजा एका प्रवासाचं रोखीचं तिकीट १८,००० रुपये आहे आणि माइल्सवर तेच १२,००० माइल्स अधिक ६,००० रुपये करात मिळतं. वाचले १२,००० रुपये, म्हणजे माइलला एक रुपया पडला. आता क्रिसफ्लायर सहा महिन्यांची मुदतवाढ देतं: दर १०,००० माइल्समागे १,२०० माइल्स किंवा १२ डॉलर. २०,००० माइल्ससाठी २४ डॉलर, दोन हजार रुपयांच्या आसपास. २,४०० माइल्स दिले तर या हिशेबाने २,४०० रुपये. सहा महिन्यांत नक्की जायचं असेल तर खर्च रास्त आहे, नुसता जीव अडकला म्हणून करत असाल तर नाही. मुदतवाढ तारीख उलटण्याआधीच घ्यावी लागते आणि त्याच माइल्सना पुन्हा मिळत नाही. स्कायवर्ड्सही पैसे घेऊन मुदत वाढवून देतं, तिथेही हाच गुणाकार करून मगच पैसे भरा. दोन-अडीच हजार माइल्स कुठे पडून असतील तर सोडून दिलेले बरे. तेवढ्यासाठी माइल्स विकत घेऊन तिकिटाचा आकडा गाठणं म्हणजे आठ आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पिशवीवाल्या खात्यात मुदत संपण्याआधी तिकीट काढलं की पुरे, प्रवास नंतरचा चालतो. जूनमध्ये माइल्स संपणार असतील तर जूनमध्येच डिसेंबरचं तिकीट काढा. सिंगापूर एअरलाइन्सचं बुकिंग ३५५ दिवस आधी उघडतं, त्यामुळे जागा भरपूर दिसतात. पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला वेटलिस्टचा: नाव प्रतीक्षायादीत टाकलं की माइल्स कापले जात नाहीत, म्हणून ते सुरक्षितही होत नाहीत, वाट पाहता पाहता मुदत संपते. दुसरा रद्द करण्याचा: माइल्सवरचं तिकीट रद्द केलं की माइल्स परत येतात ते जुन्या तारखेसकट. ती तारीख उलटली असेल तर परत काही येत नाही आणि रद्द करण्याचं शुल्क वेगळं. डिसेंबरचं नक्की नसेल तर तारीख बदलून घ्या, रद्द करू नका. तिकीट काढताना कर भरायला परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड हाताशी ठेवा. व्यवहार शेवटच्या रात्री नाकारला गेला तर बँकेचा फोन लागेपर्यंत साडेनऊ वाजून जातात.

सिमवाल्या खात्याचं काम सोपं, फक्त वेळेत करायचं. कार्डाचे पॉइंट त्या कंपनीकडे जात असतील तर जितके कमीत कमी पाठवता येतात तितकेच पाठवा. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय योजनेचे पॉइंट असतील तर ३,००० पॉइंटांचे १,००० माइल्स होतात आणि एव्हिओस, अमेरिकन, एरोप्लॅन, एशिया माइल्स या सगळ्यांकडे पाठवता येतात. हॉटेल बुकिंग किंवा ऑनलाइन खरेदीतून मिळणारे माइल्स जमा व्हायला आठवडे लागतात, आणि मोजली जाते ती जमा झाल्याची तारीख, खरेदीची नव्हे. म्हणून आठ आठवडे आधीची आठवण. शेवटच्या आठवड्यात जाग आली तर थेट कंपनीकडून थोडे माइल्स विकत घेणं किंवा तिच्याकडेच थोडे खर्च करणं, हे दोनच मार्ग भरवशाचे. व्यवहार झाल्यावर खात्यात नवी तारीख दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

कुटुंबाचे माइल्स एकत्र करण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. विखुरलेले एकत्र आले की तिकिटाइतके होतात, हा खरा फायदा. मुदत मात्र त्याने वाढेलच असं नाही, ते नियमात वाचून मग सभासद जोडा.

एक मुदत अशी असते जी कुठल्याच पानावर लिहिलेली नसते: कंपनीची. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली आणि किंग क्लबचे पॉइंट तिच्यासोबत गेले. जेट १७ एप्रिल २०१९ ला जमिनीवर आली, तेव्हा जेटप्रिव्हिलेज वेगळी कंपनी असल्यामुळे माइल्स उरले आणि पुढे इंटरमाइल्स झाले, पण जेटच्या विमानातलं फुकट तिकीट कायमचं गेलं. साठवून साठवून मोठी सहल करू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

राहिला पुढचा प्रवास. एका प्रवासाचे माइल्स एकाच खात्यात जातात, आणि ते त्याच कंपनीच्या खात्यात गेले पाहिजेत असं नाही. लुफ्तान्सा, स्विस, एअर इंडिया, सिंगापूर हे सगळे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात, युनायटेडही त्यातच. तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या आईवडिलांचे हे सगळे प्रवास युनायटेडच्या एकाच खात्यात टाकले तर मुदतीचा प्रश्नच उरत नाही. मुंबईहून एअर फ्रान्स किंवा केएलएमने जाणाऱ्यांसाठी तसंच त्यांच्या गटातली डेल्टा. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती सहसा चालत नाही. सगळ्यात स्वस्त तिकिटांवर भागीदार कंपनीकडे फार कमी माइल्स मिळतात, कधी शून्यही. तिकिटावर वर्गाचं एक इंग्रजी अक्षर असतं, ते अक्षर युनायटेडच्या किंवा डेल्टाच्या भागीदारांच्या तक्त्यात शोधून मगच क्रमांक द्या.

क्रमांक बुकिंग करतानाच टाका, एजंटला फोनवर अक्षर अन् अक्षर सांगा, आणि विमानतळावर बोर्डिंग पास हातात आला की तोच क्रमांक छापलाय का बघा. चुकीचा असेल तर काउंटरवर तिथेच बदलून मिळतो. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे थांबून खातं उघडा. जमा झाले नसतील तर अर्ज करता येतो, पण बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांनंतरचा अर्ज घेत नाहीत, आणि ई-तिकीट व बोर्डिंग पास दोन्ही मागतात. बोर्डिंग पासचा कागद थर्मल असतो, पाकिटात राहून शाई उडते. विमानात बसण्याआधी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.