ताकद वाढायची थांबली? व्यायाम बदलण्याआधी या चुका टाळा

महिनोन्महिने नियमित व्यायाम करूनही बारवर, म्हणजे प्लेट्स लावायच्या दांड्यावर, तेवढंच वजन असेल, तर मेहनत कमी पडतेय असं लगेच समजू नका. बऱ्याचदा ध्येय मोघम असतं आणि वहीत नोंद नसते. नेमकं कुठे अडतंय ते कळत नाही, म्हणून सगळा कार्यक्रमच बदलला जातो. मूळ अडचण मात्र नव्या कार्यक्रमातही सोबत येते.

मोजता न येणारं ध्येय

‘मजबूत व्हायचंय’ ही इच्छा झाली. स्क्वॉटचं, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसण्या-उठण्याचं, ध्येय असं लिहा: ‘१२ आठवड्यांत ६० किलोचे ५ स्क्वॉट, मांड्या जमिनीला समांतर जाईपर्यंत.’ यातला शेवटचा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. किती खाली बसायचं ते ठरलं नसेल, तर वजन वाढेल तसं माणूस नकळत कमी खाली बसू लागतो. वहीत आकडा वाढतो, पाय मात्र तेवढेच राहतात. महिन्यातून एकदा बाजूने व्हिडिओ काढून तपासा.

सुरुवातीची पातळी कळण्यासाठी नवशिक्याने एका रेपचं, म्हणजे एकदाच उचलता येईल असं, कमाल वजन उचलून पाहायची गरज नाही. व्यवस्थित उचललेलं वजन घ्या, रेप्सना ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि येणाऱ्या आकड्याने वजनाला गुणा. ५० किलोचे जेमतेम ५ रेप्स होत असतील तर अंदाज साधारण ५८ किलोचा येतो. १० पेक्षा जास्त रेप्सवरून काढलेल्या अंदाजावर फारसं विसंबू नका.

पहिल्या काही आठवड्यांतली वाढ पाहून वर्षाचं गणितही मांडू नका. त्या काळात वजन भराभर वाढतं, कारण मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू जास्त चांगला वापरायला शिकतात. स्नायू प्रत्यक्ष भरायला वेळ लागतो, त्यामुळे पुढे वेग मंदावणं स्वाभाविक आहे.

सगळीकडे सारखीच वाढ

ही चूक फार लोकांना मागे खेचते. दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट लावली की बार अडीच किलोने जड होतो. १०० किलोच्या डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरून बार उचलून उभं राहणं) ही अडीच टक्क्यांची वाढ आहे. २० किलोच्या रिकाम्या बारने ओव्हरहेड प्रेस (खांद्यांपासून डोक्यावर बार ढकलणं) करणाऱ्यासाठी तीच वाढ साडेबारा टक्के होते. खांदे अडले तर त्यात नवल नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये दिलेली शिफारस इथे कामाची आहे: ठरवलेल्यापेक्षा एक-दोन रेप्स जास्त होऊ लागले की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवा. लहान स्नायूंच्या व्यायामांत २ टक्क्यांच्या आसपास राहा. अर्ध्या किलोच्या प्लेट्स मिळाल्या तर उत्तम, नाहीतर आधी रेप्स वाढवा. ३ सेट (न थांबता केलेल्या रेप्सची फेरी म्हणजे एक सेट) प्रत्येकी ८ रेप्सनी सुरू करा, तिन्ही सेटमध्ये १२ होईपर्यंत वजन तेच ठेवा, मग वजन वाढवून पुन्हा ८ वर या. डंबेल्समध्ये तर हाच मार्ग सोयीचा, कारण तिथे एकदम मोठी उडी घ्यावी लागते.

घाईचा आराम

पहिल्या सेटला ८ रेप्स, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ३ असं होत असेल तर आधी घड्याळ पाहा. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून बार ढकलणं) यांच्या दोन सेटमध्ये २ ते ३ मिनिटं आराम हवा, फार जड सेटनंतर ५ मिनिटांपर्यंत. स्नायूंमधला झटपट वापरायचा ऊर्जासाठा भरायला तेवढा वेळ लागतो. ‘घाम येत नाही’ म्हणून आराम कमी केला तर दमसास वाढेल, पण ताकदीसाठी लागणारं वजन पेलणार नाही.

प्रत्येक सेट हात गळेपर्यंत करणंही टाळा. एक ते तीन रेप्स अजून जमतील अशा जागी थांबलात तर फॉर्म (व्यायाम करायची योग्य पद्धत) टिकतो आणि पुढच्या दिवसाचं वजनही उचलता येतं.

फॉर्म कुठे ढासळतो

स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जात असतील तर घोट्यांची लवचीकता कमी असू शकते. टाचेखाली पातळ प्लेट ठेवून पाहा. फरक पडला तर घोट्यांवर काम करा. गुडघे आत येत असतील तर वजन कमी करून ते पायाच्या बोटांच्या दिशेने ढकलायची सवय लावा. डेडलिफ्टमध्ये बार नडग्यांपासून दूर गेला की कंबरेवरचा भार वाढतो. बार पायाच्या मध्यभागावर ठेवा, उचलण्याआधी पोटात श्वास भरून पोट घट्ट करा, आणि पाठ गोल होऊ लागली की सेट तिथेच संपवा.

वॉर्म-अप सेट गाळू नका. ६० किलोच्या कामासाठी रिकाम्या बारने १०, ३० किलोने ५, ४५ ने ३ आणि ५५ ने १ रेप पुरे. इथेच दमायचं नाही.

व्यायामानंतर एक ते तीन दिवस दोन्ही बाजूंचे स्नायू सारखेच ठणकले तर काळजी नको. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूची वेदना किंवा मुंग्या असतील तर तो व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

खरंच अडलंय का?

एक वाईट दिवस म्हणजे अडणं नव्हे. सलग तीन वेळा तेच वजन तेवढ्याच रेप्सला अडलं तर आधी झोप पाहा, मग जेवण. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं बहुतेकांना पुरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. त्याच काळात पोट कमी करण्यासाठी जेवण बरंच घटवलं असेल, तर कारण सापडलंच. नवशिक्याला दोन्ही साधतं, मुरलेल्या माणसाने मात्र एका वेळी एकच ध्येय धरावं.

झोप आणि जेवण ठीक असेल तर त्या स्नायूंना आठवड्यातून दोनदा काम मिळतंय का ते पाहा. तेही असेल तर एक आठवडा सेट निम्मे करा, मग अडलेल्या वजनाच्या १० टक्के खालून पुन्हा चढा.