वनौषधींचे आतड्यातून होणारे शोषण तपासताना या चुका टाळा

वनस्पतीच्या अर्कातले घटक आतड्यातून किती शोषले जातात, यावरचे नवख्यांचे निकाल तपासायची वेळ माझ्यावर नेहमी येते. अशा प्रयोगात सच्छिद्र तळाच्या छोट्या कपात, म्हणजे इन्सर्टमध्ये, आतड्यासारख्या पेशींचा पडदा वाढवतात; पडद्याच्या वर एक कप्पा, खाली एक. चुका त्याच त्या असतात. बहुतेकांच्या मुळाशी एक समजूत असते: वरच्या कप्प्यातला पदार्थ कमी झाला, म्हणजे तो शोषला गेला. शोषण म्हणायचे तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पदार्थ पलीकडे पोहोचला, पोहोचला तो तोच पदार्थ किंवा त्याचे ओळखता येणारे रूप होते, आणि मधला पेशींचा पडदा शेवटपर्यंत शाबूत होता.

वजाबाकी करून शोषण काढणे

हळदीच्या अर्कावर काम करणारा एक विद्यार्थी माझ्याकडे मोठ्या उत्साहाने आला. कॅको-२ (माणसाच्या आतड्यातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या) पेशींच्या पडद्यावर अर्क घातला, दोन तासांनी वरच्या कप्प्यात जेमतेम काही उरले होते, त्यामुळे बहुतेक सगळे कर्क्युमिन शोषले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘खालच्या कप्प्यात किती सापडले?’ असे विचारल्यावर उत्तर आले, ‘तिथे आलेखावर त्याचा पीक, म्हणजे उंचवटा, दिसला नाही, म्हणून वजाबाकी केली.’

मग आम्ही तेच द्रावण पेशी नसलेल्या कोऱ्या इन्सर्टमध्ये आणि एका साध्या नळीत, ३७ अंशांवर ठेवले. पिवळेपणा तिथेही उतरला. पेशीच नव्हत्या, तर शोषले कोणी? कर्क्युमिन उदासीन आणि अल्कधर्मी द्रावणात फार लवकर मोडते. सीरम नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये, ७.२ पीएच आणि ३७ अंशांवर, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के नाहीसे होते. उरलेल्यातले बरेचसे प्लास्टिकला चिकटले होते. इन्सर्ट मिथेनॉलने धुतले, तर धुवण पिवळे निघाले. त्याचे पूर्ण प्रकरण नव्याने लिहावे लागले. वाईट वाटले, कारण मुलगा कष्टाळू होता. पण कोऱ्या इन्सर्टचा कंट्रोल त्याने ‘वेळ वाचवायला’ गाळला होता आणि त्याच गाळण्याने त्याचे महिने खाल्ले.

माझी पद्धत ठरलेली आहे. पेशींना हात लावण्याआधी घटक त्याच बफरमध्ये, त्याच तापमानाला, प्रयोग चालेल तेवढा वेळ ठेवून बघते. टिकत नसेल तर आधी त्याची सोय लावते. वरच्या कप्प्याचा पीएच ६.५ ठेवला तर लहान आतड्याच्या वरच्या भागाशी तो जुळतोही आणि कर्क्युमिनसारखे घटक थोडे जास्त तगतातही. खालच्या कप्प्यात ७.४ पीएच, आणि घटक तेलकट स्वभावाचा असेल तर अल्ब्युमिन. शेवटी वरचे, खालचे, पेशींमधले आणि प्लास्टिकवरचे, सगळे मोजून बेरीज करते. बेरीज ८० टक्क्यांपर्यंत पोहोचली नाही तर पुढचा आकडा काढतच नाही. खाली मूळ पदार्थ न दिसता त्याचे ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट (पेशींनी त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून केलेले रूप) सापडले, तर ते शोषणच आहे. आतड्याच्या पेशी पॉलिफेनॉलवर (कर्क्युमिन, क्वेर्सेटिन यांसारख्या वनस्पतिजन्य घटकांवर) हे काम सर्रास करतात. ते शोधले नाही तर खरे शोषणही ‘शून्य’ म्हणून लिहिले जाते.

यातच बसणारी आणखी एक खोड म्हणजे खालच्या कप्प्यातले ‘एकूण फेनॉल’ फोलिन-चिओकाल्टो अभिकर्मकाने मोजून त्यालाच शोषण म्हणणे. तो अभिकर्मक एस्कॉर्बिक आम्लाशी आणि क्षपणक शर्करांशीही रंग देतो. एकेक घटक वेगळा करून मोजणारी एचपीएलसी उपलब्ध असताना हा आडमार्ग घेण्याचे कारण मला कधीच पटलेले नाही.

पडदा फाटला आणि ‘शोषण वाढले’

ही माझ्या मते सर्वांत घातक चूक, कारण हिचे निकाल फार देखणे दिसतात. अर्कात सॅपोनिन (साबणासारखा फेस आणणारे वनस्पतिजन्य पदार्थ) भरपूर असतील तर ते पेशींच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलशी जुळून आवरण सैल करतात. मग सगळेच पलीकडे जाते आणि अहवालात लिहिले जाते, ‘अर्क नैसर्गिक शोषणवर्धक आहे’. अशा अहवालात पडद्याचा विद्युत रोध, म्हणजे टीईईआर, बहुधा फक्त सुरुवातीला घेतलेला असतो. शेवटीही घ्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीही, पडदा सावरतो का हे पाहायला. सोबत ल्युसिफर यलो (चमकणारा रंग) किंवा मॅनिटॉल चालवा. एरवी पडद्यातून जेमतेम झिरपणारे हे पदार्थही सुसाट जाऊ लागले, तर तुम्ही मोजताय ते शोषण नाही, गळती आहे. बर्बेरिनसारखा घटक स्वतःच चमकतो, म्हणून ल्युसिफर यलो वापरण्याआधी नुसता अर्क त्याच फिल्टरवर वाचून घ्या.

रोध लिहितानाही गोंधळ होतो. समजा, २४ कप्प्यांच्या प्लेटवर रीडिंग आले ९०० ओहम आणि कोऱ्या इन्सर्टचे १२०. इन्सर्टचे क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ७८० गुणिले ०.३३, सुमारे २५७ ओहम-चौरस सेंटिमीटर. लोक सरळ ९०० लिहून मोकळे होतात! शिवाय प्लेट थंड होत जाते तसा रोध चढत जातो. दर वेळी तितकाच वेळ बाहेर ठेवून, एकाच तापमानाला रीडिंग घ्या.

पेशी विषाने मेल्या नाहीत हे दाखवायला एमटीटी चाचणी लावतात; तिच्यात जिवंत पेशी एमटीटीपासून जांभळा रंग तयार करतात. पॉलिफेनॉल तो रंग पेशींशिवायही तयार करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी नसलेला कप्पा सोबत ठेवा, किंवा अर्क नीट धुऊन मगच एमटीटी घाला.

घाई

कॅको-२ मूळच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या. इन्सर्टच्या सच्छिद्र तळावर त्यांना लहान आतड्याच्या पेशींसारखे रूप यायला साधारण २१ दिवस लागतात. ‘दहाव्या दिवशी रोध चांगला आला, मग प्रयोग केला’ हे मी सारखे ऐकते. रोध आला म्हणजे पेशी जोडल्या गेल्या. त्यांचे सूक्ष्म केस, एन्झाइम आणि वाहक प्रथिने तेवढ्यात पक्व झालेली नसतात. ज्यांना तीन आठवडे एक दिवसाआड मीडिया बदलायचा कंटाळा आहे, त्यांनी हा विषय घेऊ नये.

हीच घाई उलट्या आतड्याच्या पिशवीत, म्हणजे प्राण्याच्या आतड्याचा तुकडा आतली बाजू बाहेर करून केलेल्या प्रयोगात, दिसते. विल्सन आणि वाइजमन यांनी १९५४ साली मांडलेली ही पद्धत सोपी वाटते, पण ऊती काढल्या क्षणापासून खराब होत जाते. थंड, ऑक्सिजन सोडलेल्या बफरमध्ये लगेच घ्या आणि उलटताना ओढू नका.

जीवाणू विसरणे

सोनामुखीतले सेनोसाइड कॅको-२वरून पलीकडे जात नाही, म्हणून ते निरुपयोगी, असा निष्कर्ष मी वाचला आहे. सोनामुखीचे काम चालते ते सेनोसाइड न शोषता मोठ्या आतड्यात पोहोचते म्हणूनच. तिथले जीवाणू त्यापासून रेन-अँथ्रोन करतात आणि रेच होतो. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनचे ग्लिसिरेटिनिक आम्ल करतात तेही मुख्यतः जीवाणूच. क्वेर्सेटिनला नुसते ग्लुकोज जोडलेले असेल तर लहान आतड्याच्या पृष्ठभागावरचे लॅक्टेज-फ्लोरिझिन हायड्रोलेज हे एन्झाइम ते तोडते. रुटिनमध्ये (क्वेर्सेटिनच्याच दुसऱ्या साखर जोडलेल्या रूपात) ऱ्हॅम्नोज ही साखरही असते, म्हणून त्याला खाली जीवाणूंपर्यंत जावे लागते. साखर जोडलेला घटक हातात असेल तर आधी त्याचा रस्ता कागदावर काढा, मग ठरवा कोणते रूप पेशींवर घालायचे.

थोडक्यात उरलेल्या

अर्क विरघळवणारे डीएमएसओ १ टक्क्याच्या आत ठेवा आणि कंट्रोललाही तितकेच घाला. अर्काचा पीएच आणि ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) मोजा. ‘२०० मायक्रोग्रॅम अर्क’ ही घटकाची मात्रा नव्हे, मार्कर (अर्कातला ओळखीचा ठरावीक घटक) मोजून मायक्रोमोलरमध्ये लिहा. एकाच दिशेने मोजू नका: बर्बेरिनला पी-ग्लायकोप्रोटीन हे वाहक प्रथिन परत वर फेकते, आणि खालून वर जाणे वरून खाली जाण्याच्या दुपटीहून जास्त निघाले तर त्या प्रथिनाला अडवणारे व्हेरापामिल घालून पुन्हा तपासा.

सगळ्यात मिरी घालणे

१९९८ साली निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर जैवउपलब्धता (रक्तात पोहोचण्याचे प्रमाण) २००० टक्क्यांनी वाढली. तेव्हापासून हा आकडा कोणत्याही अर्काला चिकटवतात. मुळात नुसत्या कर्क्युमिनची रक्तातली पातळी जवळजवळ नगण्य होती, आणि त्याच अभ्यासात उंदरांमध्ये वाढ १५४ टक्के होती. पायपेरिन पी-ग्लायकोप्रोटीन आणि औषधे मोडणारे एन्झाइम सीवायपी३ए४ दोन्हींना अडवते, म्हणजे सोबत घेतलेल्या औषधांची पातळीही वाढू शकते. कॅको-२मध्ये सीवायपी३ए४ फारच कमी असते, म्हणून एन्झाइमचा भाग तिथे दिसणार नाही. त्यासाठी आतड्याच्या मायक्रोसोमवर (पेशी फोडून मिळवलेल्या एन्झाइमयुक्त कणांवर) वेगळा प्रयोग लावा.

सेंट जॉन्स वर्ट ही औषधी वनस्पती नेमके उलटे करते. ते हीच दोन प्रथिने वाढवते. २००० साली हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांत त्यामुळे सायक्लोस्पोरिनची (शरीराने अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची) पातळी घसरून शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केल्याची नोंद झाली. ही प्रथिने वाढायला दिवस लागतात. दोन तासांच्या प्रयोगावरून ‘इतर औषधांवर परिणाम नाही’ असे वाक्य अहवालात लिहू नका. ते लिहायचेच असेल तर पेशींना आधी काही दिवस अर्क देऊन, मग पी-ग्लायकोप्रोटीन वाहून नेते त्या डिगॉक्सिनची ये-जा मोजा.